अस्सल बोल्टाची कैफियत

एखादी वस्तू तीस-पस्तीस वर्षे निमूटपणे चाकरी करीत असते, तोवर ती कोठून आली, तिचे कोणते अवयव जन्मजात आणि कोणते मागाहून बसविलेले, याची विचारपूस करावी असे कोणालाच वाटत नाही. परंतु तीच वस्तू एकदाची बंद पडून गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली, तिच्या गादीवर कोंबड्यांनी संसार थाटले, तिचा सांगाडा वाळवीने अर्धामुर्धा फस्त केला, आणि अशा अवस्थेत घरातील कर्त्या पुरुषाला तिचा जीर्णोद्धार करून ती प्रदर्शनात मांडण्याची बुद्धी झाली, की तिच्या एकेका खिळ्याच्या कुलशीलाची चौकशी सुरू होते, जबान्या घेतल्या जातात, दप्तरे उघडली जातात, आणि ज्याचा मोटारींशी संबंध केवळ त्यांच्या धुरापुरता आला आहे असा माझ्यासारखा निरपराध इसम त्या चौकशीच्या कारकुनीस जुंपला जातो.

आमचे मेहुणे, म्हणजे सौभाग्यवतींचे वडील बंधू, ज्यांना तिच्या देखादेखी मीही 'दादा'च म्हणतो, हे पेडणे महालातील हळर्ण गावचे राहणारे. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकात, जेव्हा गोव्याच्या बाजारपेठेत परदेशी घड्याळे, परदेशी मद्ये आणि परदेशी मोटारी यांचा सुकाळ होता, तेव्हा त्यांच्या वडिलांनी मुरगाव बंदरात उतरलेली एम.जी. टी.डी. नावाची दोन आसनांची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी खरेदी केली. ही गाडी 1950 ते 1953 या काळात इंग्लंडातील ॲबिंग्डन येथल्या कारखान्यात तयार होत असे. एकंदर 29,664 नग निघाले, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेस गेले आणि एक हळर्णास आला. पोर्तुगालने 1928 साली आपल्या देशातली रहदारी उजवीकडे नेली असली तरी गोव्यात ती डावीकडेच राहिली होती, त्यामुळे गाडीचे सुकाणू उजव्या बाजूस होते, आणि एवढी एकच गोष्ट पुढे कोणत्याही वादाविना अस्सल ठरली. साडेबाराशे सी.सी.चे इंजिन, ताशी ऐंशी मैलांच्या घरातला वेग आणि पुढे दुमडून आडवी करता येणारी काच, असा तिचा लौकिक होता. हळर्णच्या वाटेवर तिच्यापुढे नेहमीच म्हशी चालत असल्याने वेगाची परीक्षा पाहण्याचा प्रसंग श्वशुरांवर आला नाही. काच मात्र ते आवर्जून आडवी करीत, कारण त्यायोगे म्हशींशी थेट बोलता येत असे.

श्वशुरांच्या हयातीत गाडी अखंड चालली, याचे कारण ती अस्सल राहावी असा हट्ट त्यांनी कधीच धरला नाही. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि परदेशी आयातीवरचे भारत सरकारचे निर्बंध येथेही लागू झाले, तेव्हा विलायती सुट्या भागांची आवक आटली. मग जो भाग झिजेल त्याच्या जागी जो हाती लागेल तो बसविण्याचा शिरस्ता पडला. डायनॅमो फियाटीचा आला, वायपर जिपेचा आला, टप म्हणून खाणीवरच्या ट्रकाची ताडपत्री आली, आणि अखेरीस मूळ इंजिनाने मान टाकली तेव्हा त्याच्या गादीवर ॲम्बॅसडर गाडीचे इंजिन दत्तक बसले. या दत्तविधानाने गाडीचा वंश तीस वर्षे चालला. श्वशुरांच्या पश्चात ती गोठ्यात गेली आणि कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला.

हा ताबा काढून घेणे वाटले तितके सोपे नव्हते. गोव्यात 1975 साली झालेल्या कायद्यान्वये भाटकाराला आपल्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारास मनमानीपणे बेदखल करता येत नाही, आणि दादांच्या आत्याबाईंचे म्हणणे असे पडले की, कायद्याचा हेतू लक्षात घेता हे संरक्षण कोंबड्यांसही पोहोचते.

"त्यांची तिसरी पिढी या गादीवर वाढली," आत्याबाई म्हणाल्या. "आता म्हातारपणी त्यांनी जायचे कुठे?"

अखेर चिऱ्याच्या भिंतींचे आणि वर कौले घातलेले खुराडे बांधून देऊन तडजोड झाली. जीर्णोद्धाराच्या खर्चाच्या फेरिस्तेत ही बाब प्रथम क्रमांकावर आहे.

गाडी बाहेर निघाली तेव्हा दादांनी मला बोलावून घेतले आणि माझे अक्षर वळणदार आहे, मी निवृत्त शिक्षक आहे आणि मला दुसरे काही काम नाही, ही तीन कारणे देऊन गाडीच्या अस्सलपणाचे दप्तर तयार करण्याची कामगिरी माझ्यावर मुक्रर केली. कार्बुरेटर हे इटालियन पक्वान्न नसून गाडीचा अवयव आहे, एवढेच ज्ञान माझ्यापाशी तोवर होते. ते पुरेसे आहे, असे दादांनी सांगितले. कारण ज्याला विषय कळतो तो कागदावर फार शंका काढतो.

दप्तराचा प्रारंभ सरकारी नियमाने झाला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, तिला 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये पडते. इथवर दादांनी नियम मोठ्याने आणि हर्षभरित स्वरात वाचला. पुढे असे होते की, गाडी मूळ स्वरूपात जतन केलेली असावी आणि तिची चौकट, शरीराचे कवच व इंजिन यांत महत्त्वाचा फेरबदल झालेला नसावा. हे वाक्य त्यांनी मनात वाचले. चौकटीस बेळगावी वेल्डिंगची ठिगळे होती, कवच म्हापशाच्या पत्रेवाल्याने ठोकून सरळ केलेले होते, आणि इंजिन, वर सांगितल्याप्रमाणे, बंगालातील उत्तरपाड्याहून दत्तक आलेले होते.

"भावजी," दादा बराच वेळाने म्हणाले, "महत्त्वाचा म्हणजे किती महत्त्वाचा, हे त्यांनी कुठे लिहिलेले नाही."

या एका फटीतून गाडी आत घालण्याचा आमचा विचार होता. त्यासाठी मी जुने नोंदणीपत्र घेऊन एका कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो जीर्ण कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि परत दिला.

"हे वाचता येत नाही."

"पोर्तुगीजमध्ये आहे. मूळ प्रत आहे."

"मूळ नको. झेरॉक्स आणा."

"मूळच वाचता येत नाही, तर झेरॉक्स कशी वाचाल?"

"झेरॉक्स वाचायची नसते," तो शांतपणे म्हणाला, "जोडायची असते."

मी झेरॉक्स घेऊन गेलो तेव्हा ती मूळ प्रतीपेक्षा स्पष्ट उमटली असल्याचे त्याच्या ध्यानात आले आणि सबब ती संशयास्पद ठरली.

दरम्यान मेस्त्रीची नेमणूक झाली होती. हा गृहस्थ डिचोलीचा. आयुष्यभर लोहखनिजाच्या टिपर ट्रकांची दुरुस्ती करीत आलेला. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतले ट्रक जसे दारादारांत उभे राहिले तसा तोही उभा राहिला, आणि पंधरा टनांच्या वाहनांवर घडलेला त्याचा हात आमच्या या नाजूक विलायती बाहुलीवर पडला. गाडीत सैल म्हणून काही राहू द्यायचे नाही, हे त्याचे व्रत होते. त्याने लावलेला नट काढण्यास दोन माणसे लागत आणि त्यांपैकी एक माणूस त्याने स्वतःच असावे लागे.

"पात्रांव," तो दादांना सांगे, "हो नट ओरिजिनल न्हय, पूण ओरिजिनलापरस घट."

"मला घट नको. मला ओरिजिनल हवा."

"ओरिजिनल सुटून पडलो, म्हूण तर हो घातला."

या युक्तिवादास उत्तर नव्हते. परंतु ज्याला उत्तर नाही असा युक्तिवाद न ऐकण्याची शक्ती परमेश्वराने संग्राहकांना दिलेली असते. दादांनी फर्मान काढले की, ॲबिंग्डनच्या कारखान्यात जो बोल्ट होता तोच हवा. विलायतेतील दुकानांचे सूचिग्रंथ मागविले गेले. टी.डी.चा जवळजवळ प्रत्येक भाग आज नव्याने घडवून मिळतो, इतका की पुरेसा पैसा असल्यास कोणतीही जुनी गाडी हाताशी नसतानाही माणूस एक जुनी गाडी बाळगू शकतो. बोल्ट आले. ते लावताना मेस्त्रीने पाने फेकून दिले आणि तो सुपारीच्या झाडाखाली जाऊन बसला. बोल्टाच्या डोक्याला जो पाना लागत होता त्या मापाचे आटे बोल्टाला नव्हते, आणि बोल्टाला जे आटे होते त्या मापाचा पाना त्याच्या डोक्याला लागत नव्हता. माल नकली आला, असा पंचनामा झाला.

तक्रारीचा मसुदा करण्यापूर्वी थोडी खातरजमा करावी म्हणून मी पुस्तके उघडली, आणि तिथे जो खुलासा आढळला त्याने माझी झोप उडाली. बोल्ट अस्सल होते. हॉचकिस नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने फ्रान्सात जाऊन एक कंपनी काढली. त्या कंपनीने पुढे इंग्लंडातील कॉव्हेन्ट्रीस कारखाना काढला. तो 1923 साली मॉरिस यांनी विकत घेतला. कारखान्यातली यंत्रे फ्रेंच मापाचे मेट्रिक आटे पाडणारी. ती बदलण्याचा खर्च कोण करणार? म्हणून आटे फ्रेंचच राहू दिले आणि इंग्लंडभरच्या मेस्त्रींपाशी जे पाने होते ते चालावेत म्हणून बोल्टांना डोकी मात्र इंग्रजी व्हिटवर्थ मापाची दिली. ही परंपरा टी.डी.च्या इंजिनापर्यंत टिकली. ज्या बोल्टाच्या शुद्धतेसाठी दादांनी एका नारळीच्या बागेचे वर्षाचे उत्पन्न खर्ची घातले होते, तो डोक्याने इंग्रज, अंगाने फ्रेंच आणि मूळ पुरुषाच्या बाजूने अमेरिकन निघाला.

पुढे वाचू नये हे शहाणपणाचे होते. पण कारकुनाचा जन्म एकदा घेतल्यावर माणूस तळटीपांपर्यंत पोहोचतोच. एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या दुकानाचे व्यवस्थापक सेसिल किंबर हे 1920 नंतरच्या दशकात साध्यासुध्या मॉरिस गाड्या घेऊन त्यांवर देखणी शरीरे चढवून विकू लागले आणि त्यातून हे घराणे उदयास आले. म्हणजे आजच्या नियमाने पहिलीच एम.जी. 'फेरबदल केलेली गाडी' म्हणून नामंजूर झाली असती. आमच्या टी.डी.चा जन्म तर याहून सुरस. कारखान्यातल्या मंडळींनी वाय नमुन्याच्या एका सलून गाडीची चौकट आखूड केली, तिच्यावर आधीच्या टी.सी. गाडीचे शरीर ओढूनताणून बसविले आणि हा नमुना वरिष्ठांना पसंत पडला. आणि चौकटीचा क्रमांक, जो घासून वाचण्यासाठी आम्ही घरातले सगळे रॉकेल संपविले, त्याची मालिका कारखान्यात एकपासून सुरूच होत नसे. ती 0251 पासून सुरू होई, कारण कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक 251 होता.

मी हा सर्व वृत्तांत दादांपुढे रुजू केला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आजूबाजूस कोणी नाही असे पाहून घेतले, आणि म्हणाले, "भावजी, हे दप्तरात लिहू नका."

मूळ इंजिनाचा तपास लागला तो अगदी घराशेजारी. श्वशुरांनी टाकून दिलेले ते इंजिन एका शेजाऱ्याने दुरुस्त करून आपल्या कुळागरात पाणी ओढायला लावले होते, आणि ॲबिंग्डनचे ते चिरंजीव इतकी वर्षे सुपारीस पाणी पाजीत होते. शेजारी ते सोडीना. शेवटी त्याच्या मोबदल्यात ॲम्बॅसडरचे इंजिन देण्याचे ठरले. मेस्त्रीने हरकत घेतली. ॲम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचीच भारतीय आवृत्ती आणि एम.जी. म्हणजेही मॉरिसच, तेव्हा ही दोन्ही इंजिने सख्खी नसली तरी सगोत्र आहेत, असे त्याचे म्हणणे. चुलतभावाला घराबाहेर काढून थोरल्याला मळ्यातून परत आणण्यात कोणाचे भले होणार आहे? परंतु चौकटीच्या पत्र्याशी इंजिनाचा क्रमांक जुळणे यासारखे सौख्य दादांना दुसरे नव्हते. अदलाबदल झाली. कुळागरातली सुपारी त्या वर्षी मागच्याहून जोमदार आली.

विजेच्या तारांचीही तीच कथा. या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडीत, हल्लीच्या रीतीच्या नेमके उलट. मेस्त्रीला हे इंग्रजांचे अज्ञान वाटून त्याने ते मुकाट्याने दुरुस्त केले. मी दप्तर दाखविले तेव्हा त्याने ते पुन्हा उलट केले, आणि दोन्हींच्या मधल्या अवधीत कोणत्या क्षणी कोणती तार कुठे होती याविषयी मतभेद असले तरी धूर कुठून आला याविषयी नाहीत.

सर्वांत बिकट प्रश्न लाकडाचा होता. टी.डी.च्या पत्र्याच्या आत ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाचा सांगाडा असतो. आमच्या गाडीत तो वाळवीने खाल्ल्यावर श्वशुरांनी जागोजाग फणसाचे तुकडे घालून वेळ मारून नेली होती. फणसाच्या जुनाट लाकडाला वाळवी सहसा तोंड लावीत नाही. दादांनी ते सर्व काढून टाकले आणि इंग्लंडहून ॲशच्या फळ्या मागविल्या. गावच्या सुताराने फळीवर नख ओढून पाहिले.

"हे तुम्ही कुणासाठी आणले?"

"गाडीसाठी."

"मला वाटले, वाळवीसाठी."

पावसाळा संपला तेव्हा डाव्या दाराचा खांब आतून पोकळ झाला होता. उजवा खांबही अस्सल, त्यालाही सुरुवात झालेली. शेजारी पडलेल्या फणसाच्या तुकड्यांना मात्र ढिम्म काही झाले नव्हते. अस्सल मालाची पारख साऱ्या हळर्णात वाळवीइतकी कोणाला नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. डावा खांब सुताराने रात्रीतून पुन्हा फणसाचा केला, त्याला काजूच्या टरफलाचे तेल पाजले आणि काळाकुळकुळीत करून बसवून दिला. याची नोंद दप्तरात नाही.

रंगाविषयी जबान्या घेण्याचे काम मजकडे होते. एका वृद्ध शेतकऱ्याने शपथेवर सांगितले की गाडी लाल होती. खुलासा विचारता असे निष्पन्न झाले की त्याने ती फक्त उन्हाळ्यात, डिचोलीच्या खाणपट्ट्यातून आल्यावर पाहिली होती, आणि त्या रस्त्यावरून आलेला पांढरा बैलही त्या काळी लालच दिसे. गावच्या भटजींच्या मते ती हिरवी होती, कारण पाऊस होता. आत्याबाई तर लग्नात तिच्यातूनच सासरी गेल्या होत्या. पण तितका वेळ त्यांनी भयाने डोळे मिटून घेतले होते. "रंग नाही आठवत," त्या दादांना म्हणाल्या, "वास आठवतो. पेट्रोलचा आणि तुझ्या आजोबांच्या विडीचा." पत्रा खरवडला असता खालून निळा, त्याखाली मलईचा, त्याखाली पुन्हा निळा निघाला. कारखान्याच्या रंगांच्या यादीत 'क्लिपर ब्ल्यू' नावाचा निळा होता, म्हणून निळा मुक्रर झाला. वास मूळ स्वरूपात राखण्याची तजवीज मात्र झाली नाही.

हा अस्सलपणाचा ज्वर पुढे गाडीपुरता राहिला नाही. भजनी मंडळात कोणी म्हणाले की, खरे घुमट घोरपडीच्या कातड्याचे, हल्लीचे बकऱ्याच्या कातड्याचे घुमट म्हणजे नक्कल. मंडळातल्या वकिलांनी निदर्शनास आणले की 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अस्सल घुमट बनविणाऱ्याची आरती तुरुंगात होईल, तेव्हा वाद मिटला. मग पाळी किल्ल्याची आली. नदीकाठचा हळर्णचा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला. नंतर तो पुन्हा भोसल्यांकडे गेला, पुन्हा पोर्तुगिजांकडे आला. आणि अलीकडे त्याची डागडुजी होऊन तो सहलीच्या लोकांसाठी नीटनेटका झाला. यातला भोसल्यांचा चिरा कोणता, फिरंग्यांचा कोणता आणि कंत्राटदाराचा कोणता, यावरून पारावर दोन तट पडले. आत्याबाईंनी निकाल दिला: "ज्याच्यावर शेवाळ आहे तो भोसल्यांचा, ज्याच्यावर प्रेमी जोडप्याचे नाव आहे तो फिरंग्यांचा, ज्याच्यावर पाटी आहे तो सरकारचा."

प्रदर्शन पणजीस होते. फियाटीचे भाग काढून मूळ भाग घातलेली गाडी पहाटे निघाली आणि धारगळजवळ थांबली. मूळ जातीचा पेट्रोलपंप हा टकटक आवाज करून चालतो आणि टकटक थांबली की गाडी थांबते. उपाय एवढाच की त्याला बाहेरून हलकेच ठोकावे, म्हणजे तो पुन्हा टकटकू लागतो. ठोकण्याच्या कामी माझी नेमणूक झाली. बॉनेटची डावी बाजू उघडी ठेवून, हातात लाकडी हातोडा घेऊन, राष्ट्रीय महामार्गावरून धावत्या गाडीबाहेर वाकलेला पांढऱ्या केसांचा शिक्षक पाहून मागच्या बसमधील माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला नमस्कार केला. नमस्कारास प्रतिनमस्कार केला, टकटक चुकली, गाडी पुन्हा थांबली. मेस्त्री मागून स्कूटरवर येत होता. त्याने एक अक्षर न बोलता पिशवीतून जुना देशी पंप काढला, बसविला, आणि त्या बेकायदा अवयवाच्या जोरावर आम्ही म्हापसा ओलांडून मांडवीचा पूल विनासायास पार केला. प्रदर्शनाच्या मैदानाअलीकडे, एका आडबाजूला, चोरीचा माल लपविण्याच्या लगबगीने देशी पंप काढून अस्सल पंप पुन्हा बसविण्यात आला. आजूबाजूस पाहतो तो तेथे आणखी काही गाड्या त्याच कार्यात मग्न होत्या. कोणी वायपर बदलीत होते, कोणी आरसा. परस्परांकडे पाहण्याचे आम्ही सर्वांनी सभ्यपणे टाळले.

परीक्षक तिघे होते. पांढरे हातमोजे, एक विजेरी, आणि दंतवैद्याकडे असतो तसला एक छोटा आरसा. त्यांनी गाडीभोवती एक मूक प्रदक्षिणा घातली.

"स्पोर्ट्स गाडीला तारांची चाके हवीत," पहिले म्हणाले.

मी दप्तर उघडून दाखविले की, टी.डी.ला कारखान्यातून सपाट पोलादी चाकेच येत. तारांची चाके आधीच्या टी.सी.ची. त्यांनी मान डोलावली आणि तारांची चाके नसल्याबद्दल अर्धा गुण कापला. दुसऱ्यांनी विजेरी आत घालून डाव्या दाराचा खांब पाहिला. हा फणसाचा, याची कल्पना असल्याने दादांचा श्वास थांबला.

"वा!" ते म्हणाले. "ॲश. आणि काय सुरेख वय आले आहे! हाच उजवीकडचा खांब पाहा, अगदी अलीकडचा. हा का बदललात?"

तिसऱ्यांनी बॉनेट उघडून एक बोल्ट निरखला आणि तो देशी असल्याचे जाहीर केले, कारण डोक्याचे माप आट्यांशी जुळत नव्हते. दादा माझ्याकडे वळले. मी दप्तरात शोधले. पण त्यांच्याच आज्ञेने तो सर्व इतिहास मी लिहिला नव्हता.

अखेरीस त्यांच्यापैकी लिस्बन पाहून आलेले एक गृहस्थ गाडीवरची पाटी वाचून थबकले. पोर्तुगालात आल्मेरिम गावी 'किंता दा आलोर्ना' नावाचा जुना मळा आहे आणि त्याची वाइन प्रसिद्ध आहे. आमचा किल्ला घेणाऱ्या त्या व्हाइसरॉयची पूर्वीची पदवी कास्तेलो नोव्होचा मार्क्विस अशी होती. किल्ला पडल्यावर राजाने ती बदलून त्यास आलोर्नाचा, म्हणजे हळर्णचा, मार्क्विस केले, आणि त्याच्या मळ्यालाही तेच नाव मिळाले.

"आलोर्ना?" ते गृहस्थ कौतुकाने म्हणाले. "म्हणजे त्या वाइनवरून?"

"नाही, गाव आहे आमचे," दादा म्हणाले.

"असे होय! गावाला वाइनचे नाव दिले. छान कल्पना आहे."

दादांनी जे मौन धारण केले ते निकालापर्यंत सोडले नाही.

निकालपत्रात शेरा असा होता: 'जीर्णोद्धार अतिरिक्त. कारखान्यातून निघताना गाडी इतकी चकाकत नसावी.' गाडीच्या जगात एक म्हण आहे की, गाडी अस्सल एकदाच असते. 1950 पासून कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे भरणाऱ्या जगद्विख्यात प्रदर्शनातही हल्ली हात न लावलेल्या गाड्यांसाठी निराळा वर्ग असतो, हे मला त्याच दिवशी कळले. पणजीतही तसा एक वर्ग होता. त्यातले पहिले पारितोषिक ट्रकवर घालून आणलेल्या एका गाडीला मिळाले. तिचे इंजिन फिरत नव्हते, टपाच्या जागी वेल उगवली होती, आणि मागच्या आसनावर, परीक्षकांनी मुद्दाम उल्लेखिल्याप्रमाणे, 'मूळ अवस्थेतले' एक घरटे होते. दादांनी ते घरटे बराच वेळ पाहिले. त्यांच्या मनात चिऱ्याचे खुराडे, त्यावरची कौले आणि त्यांचा खर्च उभा राहिला असावा.

परतीच्या वाटेवर मेस्त्रीने कोणाचीही परवानगी न घेता देशी पंप बसविला आणि गाडी एकदाही न थांबता घरी आली. तीन वर्षांच्या कारकुनीनंतर माझे मत असे बनले आहे की, गाडीचे जे भाग तिला चालवितात ते प्रदर्शनात दाखविण्याजोगे नसतात, आणि जे दाखविण्याजोगे असतात ते चालत नाहीत. तेव्हा दोन्ही जवळ बाळगावेत आणि कोठे कोणते लावायचे याचे तारतम्य ठेवावे. मनुष्यांच्या बाबतीत हेच तारतम्य प्रत्येक लग्नघरात, प्रत्येक मुलाखतीत आणि प्रत्येक सत्कारसमारंभात पाळले जात असताना केवळ बिचाऱ्या मोटारींनाच सत्यवचनी राहण्याची सक्ती का, हे मला उमगलेले नाही.

जाता जाता वाचकांस एक विनंती. आमच्या गाडीचा मूळ हॉर्न अद्याप सापडलेला नाही. तो पेडणे किंवा डिचोली तालुक्यात कोणाच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा पोरांच्या खेळण्यांत पडलेला असल्यास कृपया कळवावे. तो घासू नये, धुऊ नये, चिंच लावून चकचकीत तर मुळीच करू नये. आत एखादे घरटे असल्यास ते पिल्लांसह तसेच राहू द्यावे. टपालखर्च मेहुणे देतील. हॉर्न वाजत असल्यास मात्र पाठवू नये, कारण वाजणारा हॉर्न अस्सल आहे यावर परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत.